निळ्या रंगाखालचा हार

अनुसया गेली ती दुपारी. दवाखान्यातून तिला घरी आणलं तोवर गल्लीला बातमी लागली होती. बाया आत आल्या, पुरुष ओट्यावर बसले. शेजारच्या सुमनबाईनं डोळ्याला पदर लावला, वर पाहिलं, आणि रडता रडता थांबली. मला म्हणाली, "भाऊ, तुमी बाईचा फोटो आधीच करून ठेवला होता का? हारबी घालून ठेवला?" तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या बैठकीत, सैंपाकघराच्या दाराच्या जागी एक रंगवलेला पत्रा उभा आहे. त्यावर एका बाईचा चेहरा आहे, चेहऱ्याभोवती लंबगोल चौकट आहे आणि चौकटीला मोगऱ्याच्या कळ्यांचा हार आहे. सुमनबाई आमच्याकडं रोज येणारी. चेहरा तिनं रोज पाहिला होता. अख्खा हार त्या दिवशी पहिल्यानं पाहिला... कारण त्याच्या आधी तो तिथं असा पुरा दिसतच नव्हता.

त्याला आता सात आठवडे झाले. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला माणसं आली तेव्हा पुन्हा तेच विचारलं गेलं. पोरगा रतन सगळ्यांना सांगत बसला की हा फोटो नाही, बाबानं जुन्या काळी रंगवलेली रेकॉर्डची जाहिरात आहे. कोणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. म्हणून लिहून काढतो. मी चौथीच्या पुढं शिकलो नाही. पाट्या रंगवण्यात जन्म गेला म्हणून अक्षर चांगलं आहे, पण शब्द कमी आहेत. जमन तसं वाचा.

मी मूळचा चांदूर रेल्वेचा. काम शिकायला अकोल्यात आलो आणि जुन्या शहरात हबीब उस्तादांच्या हाताखाली लागलो. लग्न झालं तेव्हा अनुसया तेल्हाऱ्याहून आली. सासरी कापूस वेचायला जावं लागणार नाही, याचाच तिला मोठा आनंद. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण नजर अशी होती की वाण्याच्या दुकानातली एक बरणी जागची हलली तरी तिला कळायचं. आणि भोळी तर मुळीच नव्हती. आम्ही धम्म घेतला तेव्हा माझी आई देव्हाऱ्यातले टाक हातात घेऊन रडत बसली होती. अनुसयानं ते तिच्या हातातून सोडवून घेतले, फडक्यात बांधले आणि मोर्णा नदीत सोडून आली. येताना भाजी घेऊन आली. "देव गेले, आता भूक लागली," म्हणाली. शकुन-अपशकुन म्हटलं की हसायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही तिला वेडी म्हणाल.

त्याच्या पुढच्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, पुलाजवळच्या रेकॉर्डवाल्या शेठचं काम आलं. कंपनीनं एका गाणाऱ्या बाईचा अल्बम काढला होता. तेव्हाचा अल्बम म्हणजे खरोखरच लग्नाच्या फोटोंच्या अल्बमासारखं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. पानांच्या जागी पाकिटं आणि पाकिटात काळ्या तबकड्या. बाईचं नाव मी लिहीत नाही, तिची माणसं असतील कुठं. शेठकडं मासिकातून कापलेली जाहिरात होती, तळहाताएवढी. तीच पुरुषभर उंच पत्र्यावर मोठी करून दुकानावर लावायची होती. उस्तादांचे डोळे तेव्हा अधू होऊ लागले होते. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चेहरा आज तक तूने बनाया नहीं. अब बना. एक बात याद रख, कागज में जो है वो देखना, जो तू समझता है वो नहीं."

मी कागद पाहिला. छापायचा ठसा झिजलेला, शाई भरलेली. मधे लंबगोल, त्यात बाई. चेहरा म्हणजे अर्धा काळा डाग, एक गाल आणि केसांची रेघ. लंबगोलाच्या कडेनं बारीक बारीक काळे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याला देठ. खालच्या कोपऱ्यात एक सरळ दांडी उभी, तिच्या टोकाला गोळा, गोळ्यातून रेघा निघालेल्या. तळाशी नाव आणि मजकूर. मी चौरस आखले. कागदावर बारीक घरं पाडायची, पत्र्यावर तेवढीच मोठी घरं पाडायची आणि घराघरानं चित्र उतरवायचं, असं आमचं काम. लंबगोलासाठी उस्तादांनी पत्र्यावर वरखाली दोन बारीक खिळे ठोकून दिले. त्यांना दोरी अडकवून खडू फिरवला की लंबगोल बरोबर उतरतो. नंतर खिळे उपटून भोकात लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरायची. वरच्या खिळ्याचं भोक नेमकं बाईच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत आलं. मी म्हटलं बरं झालं, तिथं तर काळाच रंग यायचा आहे.

ठिपके आणि देठ पाहून मला शंकासुद्धा आली नाही. मोगऱ्याच्या कळ्या! दुसरं काय असणार? बाईमाणूस, गाणं, चौकटीला कळ्यांची माळ. दांडी, गोळा आणि रेघा म्हणजे समई आणि तिचा उजेड. एकेक कळी मी जीव लावून केली. पांढऱ्या सफेद्यात थोडा पिवळा, बुडाशी हिरवा. समई पितळेसारखी चमकवली. राहिला चेहरा. डागातून चेहरा कुठून काढायचा? घरी गेलो. अनुसया चुलीपुढं भाकरी टाकत होती. खालून जाळाचा उजेड, वरून अंधार. मी दारात बसून पाहत राहिलो. "काय पाहून राहिले?" ती म्हणाली. "काही नाही, भाकर पाहून राहिलो," मी म्हटलं. "भाकर तव्यात हाय, माह्या तोंडावर नाई." असं चार दिवस चाललं. पत्र्यावर मी तिचा गाल, तिचं कपाळ, तिची हनुवटी उतरवली. लहानपणी बाळी ओढली जाऊन तिची डाव्या कानाची पाळी फाटली होती. हात गेला तसा मी तो कानसुद्धा फाटकाच काढला. माझ्या ध्यानातही आलं नाही. मी तिला काही सांगितलं नाही. लाज वाटली असंल, किंवा वाटलं ती नाही म्हणंल.

एक गोष्ट तेवढी मी केली नाही. डोळा पूर्ण झाला की शेवटी बाहुलीत सफेद्याचा ठिपका द्यायचा, त्यानं डोळा जागा होतो. उस्तादांचा कायदा होता की ज्याची तसबीर, तो माणूस समोर बसवायचा आणि मगच ठिपका द्यायचा. इथं तसबीर एकीची आणि नाव दुसरीचं. समोर कोणाला बसवू? ठिपका दिलाच नाही. लांबून कोणाला कळणार आहे, असं म्हटलं.

पत्रा दुकानावर चढला त्याच दिवशी दुपारी मी अनुसयाला घेऊन गेलो. माझा पहिला चेहरा! ती रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली. पत्रा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "हे बाई कवा मेली?"

"मेली? मरन कायले? नवीन रेकॉर्ड आली हाय तिची."

"मंग हार काहून घातला?"

"थो हार नाई वं, शोभेची वेल हाय."

"आन समई?" तिनं बोटानं दाखवत दाखवत मला माझंच काम वाचून दाखवलं. ते मी आजही विसरलो नाही. पुढं जन्मभर कोणाची पाटी करताना आधी तेच आठवायचो. ती म्हणाली, "पाहा बरं. डोळा कुठी जाते आधी? हारावर, थो सगळ्यात पांढरा हाय. मंग समईवर. मंग तिथून उजेडासंगं वर चढते आन आखरीले बाईवर जाते. जित्या मानसाच्या फोटोत आधी तोंड दिसते, बाकीचं मांगून. मेल्याच्या फोटोत आधी हार दिसते, मंग दिवा, मंग मानूस. तिच्या तोंडावर उजेड खालून आला हाय. जितं मानूस उन्हात बसते, त्याच्या डोस्क्यावर उजेड असते. हिच्या पायाशी दिवा ठेवला हाय. आन डोये पाहा हिचे, कोनाकडेच पाहून नाई राहिले. तुमी जित्या बाईले मारलं. हार पुसून टाका."

मी चिडलो. म्हटलं, "देव मोर्णेत सोडले तवा नाई भेली, आता पत्र्याले भेऊन राहिली?" ती म्हणाली, "भेऊन नाई राहिली. जे दिसते थे सांगून राहिली."

हार मी पुसला नाही. का पुसला नाही तेही सांगतो, लपवून काय करू. आठ दिवसांत पत्र्यासमोर माणसं थांबू लागली. तेल्हाऱ्याकडून कापसाच्या गाड्या यायच्या, त्यांचे गाडीवान बैल थांबवून टोपी काढायचे. बाया हात जोडायच्या. एक म्हातारी रोज दोन झेंडूची फुलं दुकानाच्या पायरीवर ठेवून जायची. "बाई कवा गेली हो?" लोक दुकानात विचारायचे. शेठ हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. डोळे मिटून मान हलवायचा आणि तबकडी लावायचा. गेलेल्या बाईचा आवाज म्हणून लोक उभ्यानं ऐकायचे, अल्बम घेऊन जायचे. त्या दुकानावर इतकी गर्दी कधी नव्हती. आणि मी? मी दुपारी समोरच्या पानठेल्यावर उभा राहून पाहायचो. माझ्या हातच्या चित्राला लोक हात जोडतात याची मला धुंदी चढली होती. माझ्या बायकोच्या तोंडाला लोक मेली समजून हात जोडून राहिले, हे मला एकदाही सुचलं नाही. चार महिने तो हार तसाच राहिला. माझा गुन्हा तो चार महिन्यांचा.

हिवाळ्यात खबर आली की अमरावतीला त्याच बाईचा जलसा आहे. शेठ हादरला, म्हणाला कोणाजवळ बोलू नको. मी घरी बोललो. अनुसया म्हणाली, "मले थे बाई जिती पाहाची हाय. घेऊन चाला." तिनं कधी काही मागितलं नव्हतं. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला गेलो. तिच्या मामाकडं उतरलो आणि संध्याकाळी थेटराशी जाऊन उभे राहिलो.

दाराशी कंपनीची छापील जाहिरात लावली होती. तीच. आमच्या कागदावरचीच, पण हातभर मोठी, रंगीत, काचेसारखी स्वच्छ. मी जवळ जाऊन पाहिलं. लंबगोल म्हणजे चौकट नव्हतीच. ती तिरकी धरलेली तबकडी होती, काळी, बारीक गोल रेघांची. तिच्या कडेला कळ्या नव्हत्या. काळे गोळे होते, त्यांना शेपट्या होत्या आणि ते पाच बारीक तारांवर बसले होते. मी दारावरच्या माणसाला विचारलं, "भाऊ, हे काय हाय?" तो हसला. "कावून गा, गाणं ऐकाले आला आन हे नाई मालूम? विलायती लोक गाणं लिहितात, त्याचे अक्षरं हायेत थे." आणि खालच्या कोपऱ्यात समई नव्हती. उंच दांडीवर लोखंडी जाळीचा गोळा होता, त्यातून आवाजाच्या रेघा निघालेल्या. सभेच्या भोंग्यातून आवाज मी शंभरदा ऐकला होता. पण भोंग्याचं दुसरं टोक, ज्याच्यात बोलतात ते, मी इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. उजेड बाईच्या डोक्यावर वरून होता. बाई समोर पाहून हसत होती. सगळ्यात आधी तिचंच तोंड दिसत होतं.

आत गेलो. बाई आली. चांगली आडव्या अंगाची, गालात पान, कानात मोठाल्या कुड्या. दांडीवरच्या गोळ्याला बोटानं टकटक केलं, "मागं बसलेल्यांना ऐकू येतं का हो?" म्हणाली, लोक हसले, तीही हसली. अनुसया माझ्या कानाशी म्हणाली, "हे पाहा तुमची समई." नंतर बाई गात होती तेवढा वेळ अनुसया गाणं ऐकत नव्हती. ती बाईच्या कानांकडं पाहत होती आणि स्वतःची डावी पाळी दोन बोटांत धरून बसली होती.

सकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होतो. ऊन पडलं होतं, माणसं होती, चहावाला ओरडत होता. ती म्हणाली, "तिचे कान साबूत हायेत." मग म्हणाली, "कागदात हार नोता. समई नोती. फाटका कानबी नोता." मी खाली पाहिलं. "थे बाई तं जिती हाय, चांगली पान खाऊन राहिली. मंग चार महिने लोक कोनाले हात जोडून राहिले?" पदर सारखा केला आणि म्हणाली, "हार कुठून आला मंग?"

मी म्हटलं, "चूक झाली वं माही. मले कळ्या दिसल्या."

"तेच तं विचारून राहिली," ती म्हणाली. "तुमालेच काहून दिसल्या?" रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शिडी लावली आणि हारावर निळा फासला. सफेद्यात नीळ कालवून दोन हात दिले. कळी न् कळी दाबली. समईचा माईक केला. खालून शेठ ओरडत होता, "अरे धंद्याच्या मुळावर उठला का?" पानठेल्यावरचं एक पोट्टं ओरडलं, "ओ पेंटर, हार काढून राहिले, बाई जिती झाली का?" सगळा रस्ता हसला. मीही हसलो. झेंडूवाली म्हातारी तेवढी हसली नाही. ती शिडीखाली येऊन म्हणाली, "बाप्पा, घातलेला हार काढू नाई." चेहऱ्याला मात्र मी हात लावला नाही. तिचं तोंड पुसायला ब्रश उचलवलाच नाही माझ्यानं.

पुढं सहा-सात वर्षांनी मोठ्या तबकड्यांचा जमाना आला. कंपनीकडून छापील रंगीत चित्रं येऊ लागली, हातच्या पत्र्याचं काम सरलं. शेठ म्हणाला, तुझा पत्रा तू घेऊन जा. मी तो घरी आणला आणि परसात टाकणार होतो. अनुसया म्हणाली, "बाहेर नको. लोकाइच्या डोयापुढं लय दिवस होती मी." सैंपाकघराला दार नव्हतं. तिथंच तिनं तो उभा करवला, चेहरा बैठकीकडं, पाठ आत चुलीकडं. म्हणाली, "मांगून मी, समोरून थे." तिथंच तो आजपर्यंत आहे. पाव्हणे बैठकीत बसायचे, पत्र्यावरच्या तिच्याशी बोलायचे, आणि उत्तर पत्र्यामागून यायचं. पोरं लहान असताना आमचा तोच खेळ होता. "पत्र्यातली माय, चहा दे!" रतन ओरडायचा आणि पत्रा म्हणायचा, "आदी पाढे म्हन!" फोटो मात्र तिनं जन्मात कधी काढू दिला नाही. "एक हाय तेवढा पुरे," म्हणायची. मतदानाच्या कार्डासाठी सरकारनं काढला, त्यात डोळे मिटून बसली.

पहिली कळी तिलाच दिसली. पत्रा घरी आणल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. झाडता झाडता थांबली आणि म्हणाली, "अवो, एक आली." उजव्या बाजूला, निळ्याच्या आतून, धुक्यातून दिसावी तशी एक पांढरी कळी. मी उस्तादांकडं गेलो. तोवर त्यांना दिसत नव्हतं, खाटेवर पडून असायचे. ऐकून म्हणाले, "बेटा, सफेदा बूढ़ा होता है तो शीशा बन जाता है. ऊपर का रंग साफ होता जाता है. नीचे जो दबाया है, वो एक दिन दिखेगा." मी घरी येऊन अनुसयाला ते समजावून सांगितलं. रंगाचा गुण आहे, दुसरं काही नाही. ती म्हणाली, "असन. मी कुठं दुसरं काई म्हनलं?"

मी पुन्हा निळा दिला. काही वर्षांनी पुन्हा दोन कळ्या आल्या. पुन्हा दिला. मग ठरूनच गेलं, उन्हाळ्यात घराला चुना मारायचा त्या आठवड्यात हारावर निळ्याचा हात फिरवायचा. ती डबा धरून उभी राहायची आणि चेष्टा करायची, "द्या, द्या, एक साल अजून द्या." मी रागवायचो. आम्ही हे मानणारी माणसं नव्हे, ती तर मुळीच नव्हे... पण एकाही उन्हाळ्यात तिनं मला आठवण करून द्यायचं टाळलं नाही, आणि एकाही उन्हाळ्यात मी ते काम टाळलं नाही. गंमत अशी की रंगाचा थर जितका जाड झाला तितका हार लवकर वर येऊ लागला. आधी आठ-नऊ वर्षं घ्यायचा, मग तीन, मग दिवाळीपर्यंतसुद्धा थांबेना. उजवीकडून आणि डावीकडून कळ्या खाली सरकत यायच्या, जिथं हाराची दोन टोकं गाठीत मिळतात तिकडं.

गेल्या उन्हाळ्यात मी डबा उघडला. हात आता थरथरतो, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. शिडीच्या पहिल्याच पायरीवर धाप लागली. अनुसया आतून आली, माझ्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "राहू द्या आता. उतरा." मी म्हटलं, "एक हात देतो." ती म्हणाली, "पडसान. तुमी पडले तं मले हार घालाले कोन राहीन?" आणि हसली. मी उतरलो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. डबा बंद केला, खाटेखाली सरकवला. श्रावणात गाठीजवळच्या शेवटच्या दोन कळ्या तेवढ्या दिसायच्या राहिल्या होत्या. ती गेली त्या दुपारी सुमनबाई वर पाहून थांबली, तेव्हा मीही वर पाहिलं. मोजल्या. एकही कमी नव्हती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट घोकत बसलो होतो. तो डबा उघडला असता तर? रतन म्हणतो, बाबा, माय दम्यानं गेली, रंगानं नाही. शिकलेला आहे, बरोबर बोलतो. मीही तेच म्हणतो. पण बडनेऱ्याच्या फलाटावर तिनं जे विचारलं होतं, तुमालेच काहून दिसल्या, त्याचं उत्तर मी कधी दिलं नाही. माझ्याजवळ ते नव्हतं. तिचा हार माझ्याच हातानं आला, ती वीस-बावीस वर्षांची असताना आला, आणि शेवटी माझाच हात थकला म्हणून वर आला, एवढंच दिसत होतं. मागच्या पंधरवड्यात सूनबाईनं खाटेखालचा डबा बाहेर काढला आणि म्हणाली, "मामाजी, तुमाले पाहवत नसन तं मी फासून देते निळा." मी नाही म्हटलं. हो म्हणावं असंही वाटलं. डबा तसाच मधे राहिला. मी पत्र्यासमोर खुर्ची टाकून बसलो, की आज काय ते ठरवू.

चार वाजले होते. सैंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. ऊन आत आलं, आणि पत्र्यावरच्या तिच्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका उमटला.

मी उठून जवळ गेलो. उस्तादांनी ठोकलेल्या खिळ्याचं भोक. लांबी कधीतरी गळून पडली होती आणि मागचं ऊन त्यातून येत होतं. लांबी गळून किती वर्षं झाली असतील, कोण जाणे. मग हा ठिपका मला आजवर एकदाही कसा दिसला नाही? खुर्चीवर येऊन बसलो तेव्हा कळलं. चार वाजता अनुसया चहा ठेवायची. त्या वेळेला ती खिडकी आणि पत्रा यांच्या बरोबर मधे उभी असायची. इतकी वर्षं ऊन तिच्या पाठीवर पडत होतं.

मी डबा सूनबाईला परत दिला. सांगितलं, बाहेर ठेव, मला नको. रतन फुलांचा हार घेऊन आला होता, तोही म्हटलं राहू दे, आधीचा आहे. आता रोज चार वाजता मी समोर बसतो. ज्याची तसबीर तो समोर पाहिजे, असा उस्तादांचा कायदा... तो पत्र्यामागून कसा पाळायचा ते मला ठाऊक नाही. पण आता डोळा जागा दिसतो आणि आधी तोंड दिसतं. हार मागून दिसतो.

परवा सूनबाई माहेरी गेली होती, रतन कामावर, घरात मी एकटा. चार वाजता ठिपका आला. मी पाहत होतो. थोड्या वेळानं तो गेला, म्हणजे कोणी खिडकीपुढं येऊन उभं राहावं तसा गेला, आणि चहाला उकळी यायला लागते तेवढा वेळ आलाच नाही. बाहेर आभाळ निरभ्र होतं. मी उठून आत पाहायला गेलो नाही. बसल्या जागेवरून विचारलं, "झाला का वं चहा?"

मग ठिपका परत आला.